‘आमच्या घराण्यातच आहे’

भिवंडीतून नदीनाक्याकडून वाड्याच्या रस्त्याला लागलं की शेलार येतं. कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेच्या दफ्तरी नगर. सगळ्या भिवंडी परिसरासारखी इथेही यंत्रमागांची खडखड कानांत बसलेली. या पट्ट्यात जुनी आगरी, कोळी, कुणबी घरं आहेत, कोकणी मुसलमान आहेत, उत्तर प्रदेशातून पिढ्यांपूर्वी आलेले विणकर आहेत आणि तेलंगणातली पद्मशाली कुटुंबंही आहेत. रीतिरिवाज वेगळे, मयताचे विधी वेगळे. पण चाळिशी-पन्नाशीतला कर्ता माणूस हृदयविकाराच्या झटक्याने गेला, की जमलेल्यांपैकी कुणीतरी एक वाक्य हमखास बोलतं, मग भाषा कोणतीही असो. ‘‘आमच्या घराण्यातच आहे हे. बाबा असेच गेले, मोठे काकाही असेच गेले.’’ बाकीचे मान हलवतात आणि विषय तिथेच मिटतो.

हे वाक्य मला फार दिवस छळतं आहे. त्यात मोठं वैद्यकीय सत्य आहे, पण ते बोललं जातं निकालासारखं, आणि तेही माणूस गेल्यावर. गेलेल्याचा विशीतला मुलगा तिथेच मुंडण करून बसलेला असतो, धाकटा भाऊ पाहुण्यांना चहा देत असतो. ते वाक्य खरं तर या दोघांसाठी आहे, हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात येत नाही.

म्हणून त्यात खरं किती आहे, ते नीट उलगडून पाहायला हवं.

मागावर काम करणाऱ्याला कापडातला दोष समजावून सांगावा लागत नाही. ताण्याचा एक धागा तुटला आणि वेळीच जोडला नाही, तर कापडभर लांब एक रेघ उतरत जाते. कारण एकच असतं, त्यावर बोट ठेवता येतं. पण कधी कधी कुठे काहीच ठळक बिघडलेलं नसतं. सूत जरा बारीक, सायझिंगला खळ थोडी कमी लागलेली, हवा कोरडी, माग जास्त वेगाने पळवलेला. यातलं एकेक कारण किरकोळ, पण सगळी एकत्र आली की धागे तुटतच राहतात. हृदयविकार घराण्यात उतरतो तोही या दोन्ही तऱ्हांनी. कुठे एकच जनुक बिघडलेलं असतं, कुठे शेकडो बारीक फरकांची बेरीज असते. दोन्हीला आपण एकच नाव देतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांचा डीएनए दोन प्रतींत असतो. कोणत्याही दोन माणसांची अक्षरं जुळवून पाहिली तर ४० ते ५० लाख ठिकाणी ती वेगळी निघतात. बहुतेक फरकांनी काहीच बिघडत नाही. काही फरक मात्र रक्तातली चरबी, रक्तदाब, साखर आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर यांच्या कारभारात हात घालतात.

आधी तुटलेल्या धाग्याबद्दल. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल एलडीएल नावाच्या कणांतून फिरतं. हे कण रक्तातून उचलून घेण्याचं काम मुख्यतः यकृत करतं आणि त्यासाठी यकृताच्या पेशींवर जणू पकडी बसवलेल्या असतात. शास्त्रज्ञ त्यांना रिसेप्टर म्हणतात. ही पकड कशी घडवायची ते १९ क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेलं असतं. या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. त्यातली एक बिघडलेली असली तर पकडी निम्म्यावर येतात आणि एलडीएल जन्मापासूनच साधारण दुप्पट राहतं. प्रौढ माणसात ते बहुधा १९० मिलिग्रॅमच्या वर सापडतं. याला कौटुंबिक हायपरकोलेस्टेरॉलेमिया म्हणतात. नाव अवघड आहे, पण आजार दुर्मीळ नाही. जगात साधारण २५० ते ३०० माणसांमागे एकाला तो असतो. उपचार झाले नाहीत तर अशा पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो.

यात पोटात दुखत नाही, चक्कर येत नाही. विशीतला पोरगा दोन पाळ्या मारून क्रिकेट खेळतो आणि त्याच्या धमन्यांच्या अस्तरात चरबी साचत असते. इथे नुसता आकडा पाहून भागत नाही, किती वर्षं तो आकडा अंगावर वागवला तेही मोजावं लागतं. चाळिशीत कोलेस्टेरॉल वाढलेला माणूस आणि जन्मापासून वाढलेला माणूस यांच्या लॅबच्या कागदावर आकडा एकच दिसला, तरी दोघांच्या रक्तवाहिन्यांचं वय सारखं नसतं.

दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर काय होतं, ते स्टॉर्मी जोन्स या अमेरिकी मुलीच्या उदाहरणातून जगाला कळलं. सहा वर्षांच्या या मुलीचं हृदय कोलेस्टेरॉलने निकामी केलं होतं. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी तिचं हृदय बदललं आणि त्याच शस्त्रक्रियेत यकृतही बदललं. जुनं यकृत ठेवलं असतं तर त्याने नवं हृदयही तसंच बिघडवलं असतं. नव्या यकृताबरोबर चांगल्या पकडी आल्या आणि हजाराच्या पुढे गेलेलं तिचं कोलेस्टेरॉल तीनशेच्या घरात उतरलं. या पकडी शोधून काढणाऱ्या मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या डॅलसच्या दोघा संशोधकांना १९८५ चं नोबेल मिळालं. हृदयाच्या आजाराचं मूळ यकृतात असू शकतं, हे या मुलीच्या शरीराने इतक्या स्पष्टपणे दाखवलं. ती पुढे सहा-सात वर्षं जगली.

आपल्याकडेही हे शोधलं गेलं आहे. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. टेस्टर आशावैद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली भारतीय रुग्णांमधले या जनुकातले दोन बिघाड नोंदवले. पण आजार ओळखायला दर वेळी जनुकाची महागडी तपासणी लागते असं नाही. साधी लिपिड तपासणी पुष्कळ सांगून जाते. काही जणांत टाचेमागचा जाड स्नायुबंध गाठाळलेला असतो, हाताच्या बोटांच्या मागच्या बाजूला गाठी असतात, पंचेचाळिशीच्या आतच बुबुळाभोवती पांढुरकं कडं दिसतं. घरातल्या चारचौघांच्या टाचा तशाच असतात आणि सगळे म्हणतात, आमची ठेवणच अशी.

उपचारही आवाक्यातला आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरश्या तपासून कोलेस्टेरॉल कमी करणारं पहिलं स्टॅटिन मिळवलं. आजची स्टॅटिन औषधं त्याच वंशातली आहेत. स्टॅटिन यकृताचं स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं कमी करतं. मग यकृताला रक्तातून जास्त कोलेस्टेरॉल उचलावं लागतं, म्हणून ते जास्त पकडी तयार करतं. म्हणजे जनुकाची जी एक प्रत धड आहे, तिच्याकडून दुप्पट काम करून घेतलं जातं. स्टॅटिनच्या जेनेरिक गोळ्या आज जनऔषधी केंद्रावर स्वस्तात मिळतात. अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती वेळ येण्याआधी वीस वर्षं ही गोळी उभी असते.

दुसरा असाच एका जनुकाचा प्रकार म्हणजे लिपोप्रोटीन-ए. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये तो शोधला. एलडीएलच्या कणाला एक जादा प्रथिन लगडलेलं असतं आणि ते किती लांब असावं हे सहाव्या गुणसूत्रावरच्या जनुकात ठरतं. त्या जनुकात एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कुणात थोड्या वेळा, कुणात चाळीसच्या आसपास. आवृत्त्या कमी असतील तर प्रथिन आखूड होतं आणि आखूड प्रथिनाचे कण रक्तात जास्त भरतात. गंमत अशी की कमी तेल खा, चाला, वजन उतरवा, या आकड्यावर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. तो जन्मभर साधारण तोच राहतो, म्हणून आयुष्यात एकदा मोजला तरी पुरतो. ५० मिलिग्रॅमच्या वर तो धोक्याचा मानतात. दक्षिण आशियाई लोकांत असा वाढलेला आकडा असलेल्यांना झटक्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला आहे. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सल्ला दिला, की पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षी करावी आणि लिपोप्रोटीन-ए निदान एकदा मोजावं. दारू नाही, तंबाखू नाही, अंगाने सडपातळ, तरी बेचाळिसाव्या वर्षी गेला, असा जो माणूस प्रत्येक गावाच्या आठवणीत असतो, त्याचा हा आकडा बहुधा कुणी पाहिलेलाच नसतो.

एका जनुकाच्या गोष्टींतही सावध राहावं लागतं. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे डॉ. कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन घडवणाऱ्या जनुकातून पंचवीस अक्षरं गळलेली आहेत आणि उतारवयात हृदय अशक्त होण्याशी त्याचा संबंध आहे. चार टक्के म्हणजे कोट्यवधी माणसं. बातमीने घबराट उडाली. पुढच्या दशकात अधिक बारीक तपास झाला, तेव्हा त्याच जनुकात, त्याच पंचवीस अक्षरांच्या शेजारी, काही थोड्या लोकांत दुसरे दुर्मीळ बदल सापडले. धोक्याचा मोठा वाटा त्यांच्याकडे जातो असं दिसलं. दोष दिसत होता एका धाग्यापाशी, तुटलेला होता त्याच्या शेजारचा. विज्ञानाने स्वतःचं विधान असं दुरुस्त केलं याचं मला समाधान वाटतं, पण त्यातून हेही कळतं की जनुकाच्या अहवालातली एखादी ओळ वाचून कुणी लगेच घाबरून जाऊ नये.

आता किरकोळ कारणांच्या बेरजेकडे. बहुतेक घराण्यांतला हृदयविकार याच वाटेने येतो. २००७ मध्ये नवव्या गुणसूत्रावरचा एक भाग हृदयविकाराशी जोडला गेला. तेव्हापासून अशा शेकडो जागा सापडल्या आहेत. एकेका जागेने धोका थोडाच वाढतो, पण लाखो फरकांची बेरीज करून गुण काढले, तर थोड्या लोकांचा धोका सरासरीच्या तिप्पट निघतो. अडचण अशी की ही बेरीज बसवली गेली ती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या नमुन्यांवर. तिथला हिशेब शेलारच्या माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांपैकी ८१ गटांत थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या बंदिस्त वंशाची खूण फिनलंडमधल्या लोकांपेक्षाही ठळक आढळली. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच जातीत, आपल्याच बिरादरीत सोयरीक केल्याची ही नोंद डीएनएने ठेवली आहे. भिवंडीच्या एका गल्लीत अशा पाच-सहा वेगवेगळ्या नोंदी शेजारी शेजारी राहतात. म्हणूनच दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचणाऱ्या जीनोम इंडिया प्रकल्पाचं महत्त्व आहे. त्याची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली.

पण ‘आपल्या लोकांची जनुकंच वाईट’ असं यातून कुणी म्हणू लागलं, तर मी त्याला नागपूरचा दाखला देईन. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. प्रशांत जोशी यांनी इंटरहार्ट या जागतिक पाहणीतल्या दक्षिण आशियाई रुग्णांचा हिशेब २००७ मध्ये मांडला. पहिला झटका येण्याचं आपलं सरासरी वय ५३, इतर देशांत जवळपास ५९. सहा वर्षांची ही तफावत ऐकून जनुकांवरच संशय जातो. पण तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, रक्तातली चरबी, मनावरचा ताण, फळं-भाज्या आणि व्यायामाचा अभाव अशा ओळखीच्या कारणांचा हिशेब वजा केल्यावर ती तफावत बहुतांशी उरतच नाही. आपल्याकडे हे सगळे धोके इतरांपेक्षा कमी वयात येऊन बसतात, एवढंच.

ते लवकर का येतात, याचं एक उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचा चमू १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा मागोवा घेत आहे. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंनी, अवयवांनी लहान, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने जवळपास तेवढीच. वरून किडकिडीत, आतून चरबीची. याला कारण फक्त जनुकं नाहीत. आईला पोटभर आणि नीट मिळालं की नाही, बी-१२ पुरेसं होतं का, हेही त्यात येतं. जनुकात लिहिलेलं कसं वाचलं जाईल, हे गर्भातच बरंचसं ठरतं. घराण्यात एक आजार उतरतो तसाच कधी कधी एक उपासही उतरतो.

आणि मोठेपणी? २०१६ मध्ये अमेरिकेतून आणि स्वीडनमधून गोळा केलेल्या ५५ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात ज्यांची जनुकीय बेरीज सगळ्यात वाईट होती, त्यांच्यातही सिगारेट न ओढणारे, वजन आटोक्यात असलेले, नियमित व्यायाम करणारे आणि बरं खाणारे जे होते, त्यांना हृदयविकार जवळपास निम्म्याने कमी झाला. अर्थात ‘नियमित व्यायाम’ हा शब्द बारा तासांची पाळी उभ्याने काढणाऱ्या आणि मग दहा बाय दहाच्या खोलीत झोपणाऱ्या कामगारासमोर उच्चारताना जीभ अडखळते. मागाच्या आवाजात झोप नासते, रात्रपाळी टिकवायला तंबाखूची पुडी लागते. त्याच्या जनुकांपेक्षा त्याच्या पाळीचे तास बदलणं सोपं आहे, आणि ते त्याच्या एकट्याच्या हातात नाही.

जनुकांनी काही जणांवर कृपाही केली आहे. पीसीएसके-९ नावाचं प्रथिन यकृताच्या पकडी मोडीत काढतं. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत हे प्रथिन जास्तच जोमाने काम करत असल्याने कोलेस्टेरॉल चढलेलं आढळलं. मग डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटं पाहिलं. हेच जनुक बंद पडलेली माणसं असतील तर? तशी माणसं सापडली, बहुतेक आफ्रिकी वंशाची. त्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकार ८८ टक्क्यांनी. एवढ्याशा घटीने एवढा मोठा फायदा का, तर ती घट जन्मापासूनची होती. जनुकातल्या नैसर्गिक फरकाने माणसांवर जणू आयुष्यभराचा औषधप्रयोग करून ठेवला होता. त्यावरून बनलेली इंजेक्शनं २०१५ मध्ये बाजारात आली. याच रीतीने चांगलं कोलेस्टेरॉल म्हणून गौरवलेल्या एचडीएलचीही परीक्षा झाली. ज्यांच्या जनुकांमुळे ते जन्मापासून जास्त होतं, त्यांना झटके कमी आले नाहीत.

आता पुन्हा सुरुवातीच्या त्या वाक्याकडे येतो, कारण त्यातला सगळ्यात खोटा शब्द अजून राहिला आहे. तो शब्द आहे ‘घराण्यात’. मराठीत घराणं म्हणजे बापाचं आडनाव. बाबा, आजोबा, काका, चुलतभाऊ. जनुक आडनाव वाचत नाही. वर सांगितलेली पकडीची आणि लिपोप्रोटीन-एची जनुकं आईकडूनही तितकीच येतात. म्हणजे मामा पंचेचाळिसाव्या वर्षी गेला असेल तर ती बातमी भाच्याच्याही कामाची आहे, पण ती आजोळच्या घरातच राहते. त्याहून वाईट म्हणजे, गेलेल्याची बहीण लग्न होऊन मुरबाडला, वाड्याला, कल्याणला गेलेली असते. तिच्यात तोच बिघाड असण्याची शक्यता निम्मी, आणि असला तर तिच्या प्रत्येक मुलात पुन्हा निम्मी. ती माहेरी येते, रडते, परत जाते. तिची मुलं आता दुसऱ्या घराण्याची म्हणून कुणाच्या मोजणीतच येत नाहीत. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत जिथे आहे, तिथे तर तोच तुटलेला धागा दोन्हीकडून येऊन एकाच बाळात पडण्याची शक्यता असते. आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात.

परमुलखातून आलेल्या कामगाराचं दुखणं याहून वेगळं. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, वडील कशाने गेले? तो म्हणतो, अचानक गेले, शेतावर होते. वय विचारलं तर सांगता येत नाही. घरच्या इतिहासाची तपासणी कोणत्याही लॅबपेक्षा स्वस्त आहे, पण ती करायला घर जवळ लागतं. गावी फोन लावून आईला विचारलं, तर पुष्कळदा तिला सगळं आठवत असतं. छातीत कळ होती की नाही, पहाट होती की दुपार, तेव्हा धाकटं पोर केवढं होतं. पोराच्या वयावरून नवऱ्याचं वय निघतं.

म्हणून घरात कुणी असं अकाली गेलं, की दिवस संपल्यावर कागदावर माणसं मांडावीत. पुरुष पंचावन्नच्या आत आणि बाई पासष्टच्या आत गेली असेल, तर डॉक्टर त्याला अकाली म्हणतात. कोण, कितव्या वर्षी, कशाने. आईकडचे तेवढेच, वडिलांकडचे तेवढेच. मग जिवंत माणसांना फोन करावेत आणि लिपिड तपासायला सांगावं. भावांना आधीच कळलेलं असतं, ते समोरच असतात. पहिला फोन लावावा तो सासरी गेलेल्या बहिणीला.